रस्ता किती रुंद असावा?
म्हैसूर शहराच्या उदाहरणावरून नगररचनेचा एक धडा

१. प्रश्नाचे स्वरूप

म्हैसूरच्या राजवाड्यापासून उत्तरेकडे जाणाऱ्या हमरस्त्यास सयाजीराव रस्ता असे नाव आहे. बडोद्याचे महाराज सयाजीराव गायकवाड यांच्या स्मरणार्थ दिलेले हे नाव मराठी प्रवाशास तेथे अनपेक्षितपणे भेटते व सुखावते. विजयादशमीच्या दिवशी अंबारी घेतलेल्या हत्तीची जंबूसवारी राजवाड्यातून निघून याच रस्त्याने सुमारे ५ किलोमीटर दूर असलेल्या बन्नीमंटपाकडे जाते. त्या दिवशी रस्त्याच्या दोन्ही बाजूंस लक्षावधी माणसे उभी असतात व तरीही मिरवणुकीस वाट मिळते. उलट एखाद्या साध्या दिवशी, सायंकाळी सहाच्या सुमारास, त्याच रस्त्यावर काही शेकडा मोटारी व दुचाक्या एकमेकींस अडवून उभ्या राहतात.

हे पाहून कोणासही प्रथम असे वाटते की रस्ता अरुंद पडतो आहे. तो रुंद केला म्हणजे अडचण दूर होईल. हा विचार सरळ आहे, परंतु तो पुरा नाही. रस्ता रुंद करावयाचा म्हणजे कडेची दुकाने, झाडे, पदपथ किंवा जुन्या इमारती यांपैकी काही तरी काढावे लागते. जे काढले ते बहुधा परत येत नाही. म्हणून काढण्यापूर्वी हिशेब करणे आवश्यक असते. तो हिशेब कसा करावा, हे या पुस्तिकेत पाहावयाचे आहे.

२. म्हैसूर शहर कसे घडले

१७९९ मध्ये श्रीरंगपट्टणाचा पाडाव झाल्यावर राजधानी पुन्हा म्हैसुरास आली. तेव्हाचे दिवाण पूर्णय्या यांनी कावेरीचे पाणी शहरात आणण्यासाठी एक कालवा खणविण्यास घेतला होता. तो उद्योग सिद्धीस गेला नाही. शहरातून जाणारा त्याचा बराचसा भाग एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस बुजविण्यात आला आणि त्या जागी जो प्रशस्त रस्ता तयार झाला तोच हा सयाजीराव रस्ता. आजच्या भाषेत सांगावयाचे तर म्हैसूरचा मुख्य रस्ता हीच एका जुन्या रुंदीकरणाची निष्पत्ती आहे. रुंदीकरण हे नेहमीच अनिष्ट असते असे म्हणणाऱ्यांनी हे ध्यानात ठेवावे.

१८९६ मध्ये मुंबईत प्लेग सुरू झाला व लवकरच तो दक्षिणेकडेही पसरला. दाट, कोंदट वस्ती रोगास पोषक ठरते, हे सर्वांच्या प्रत्ययास आले. मुंबईत १८९८ मध्ये नगरसुधार मंडळ स्थापन झाले. सँडहर्स्ट रस्ता, प्रिन्सेस स्ट्रीट आणि दादर-माटुंगा येथील नव्या वसाहती ही त्या मंडळाची कामे होत. त्याच्या पाठोपाठ १९०३ मध्ये म्हैसूर संस्थानानेही आपल्या राजधानीसाठी असे मंडळ नेमले. चौथे कृष्णराज वडियार यांच्या कारकिर्दीत शहराभोवती सरळ रस्त्यांच्या नव्या वसाहती वसल्या. पुण्याच्या विज्ञान महाविद्यालयात अभियांत्रिकी शिकलेले मोक्षगुंडम विश्वेश्वरय्या १९१२ ते १९१८ या काळात दिवाण होते. पुढे १९२६ ते १९४१ पर्यंत ते पद सर मिर्झा इस्माईल यांच्याकडे होते. उद्याने, चौक व दुतर्फा वृक्ष यांनी शहर सजविण्यात त्यांचा हात मोठा आहे.

या सर्वांनी रस्ते आखले ते घोडागाडी, सायकल व पायी चालणारा माणूस यांना डोळ्यांपुढे ठेवून. २०११ च्या जनगणनेत शहराची लोकसंख्या सुमारे ९ लाख भरली. घरोघरी दुचाकी आली, पुष्कळ घरी मोटार आली. शहराबाहेरून वळसा घालणारा वर्तुळमार्ग झाला. त्यामुळे परगावची अवजड वाहने शहराच्या मध्यभागातून दूर गेली. परंतु ज्यांना मध्यभागातच जावयाचे आहे त्यांची गर्दी वर्तुळमार्गाने कमी होत नाही. राजवाडा, बाजार, रुग्णालये व कचेऱ्या जेथे होत्या तेथेच राहिल्या. प्रश्न उरला तो एवढ्या मधल्या भागाचा.

३. रुंदीचा हिशेब

एक काल्पनिक रस्ता घेऊ. त्याची लांबी २०० मीटर व रुंदी १२ मीटर आहे. दोन्ही कडांस मोटारी रस्त्यास समांतर अशा उभ्या आहेत. अशी उभी मोटार रस्त्याची सुमारे अडीच मीटर रुंदी व्यापते. म्हणजे दोन्ही बाजूंस मिळून ५ मीटर गेले व चालत्या वाहनांसाठी ७ मीटर राहिले. प्रत्येक मोटारीस लांबीकडून ६ मीटर लागतात असे धरले तर एका बाजूस ३३, दोन्ही बाजूंस ६६ मोटारी उभ्या राहतील.

आता दोन्ही बाजूंची तीन तीन मीटर बांधकामे पाडून रस्ता १८ मीटर केला. चालत्या वाहनांस १३ मीटर मिळतील अशी आपली अपेक्षा. परंतु जागा दिसताच लोक मोटारी आडव्या न लावता काटकोनात लावू लागतात. काटकोनात उभी केलेली मोटार सुमारे ५ मीटर रुंदी व्यापते. दोन्ही बाजूंस मिळून १० मीटर गेले. चालत्या वाहनांसाठी राहिले ८ मीटर. सहा मीटर रुंदी मिळविली, तिच्यातील एक मीटर तेवढा रहदारीच्या वाट्यास आला.

उभ्या मोटारींची संख्या मात्र वाढली. काटकोनात उभ्या मोटारीस कडेची अडीच मीटर लांबी पुरते. म्हणून एका बाजूस ८० व दोन्ही बाजूंस १६० मोटारी मावतात. पूर्वीपेक्षा ९४ अधिक. त्यासाठी किती जागा दिली? २०० गुणिले ६, म्हणजे १२०० चौरस मीटर. भागाकार केला तर एका नव्या मोटारीच्या जागेस सुमारे १३ चौरस मीटर पडतात. तीन मीटर रुंद व चार मीटर खोल अशा लहान दुकानाचे क्षेत्रफळ १२ चौरस मीटर असते. म्हणजे एक मोटार उभी करण्यासाठी एक दुकान, असा हा व्यवहार झाला. ज्या दुकानासाठी मोटारवाला आला तेच दुकान काढून त्याच्या मोटारीस जागा दिली, तर तो तेथे येईल कशास?

यावरून रुंदीकरण करूच नये असा निष्कर्ष निघत नाही. निष्कर्ष एवढाच की उभ्या वाहनांविषयीचा नियम आधी ठरविल्यावाचून केलेले रुंदीकरण रहदारीच्या उपयोगी पडत नाही.

४. अडचण कोठे असते?

घागर पालथी केली असता पाणी किती वेगाने बाहेर पडेल हे तिच्या पोटावर अवलंबून नसते, तोंडावर असते. रस्त्याचेही तसेच आहे. त्याचे तोंड म्हणजे चौक.

एका मागून एक जाणाऱ्या वाहनांत दोन सेकंदांचे अंतर सुरक्षित मानले तर एका पट्ट्यातून तासास अधिकात अधिक १८०० वाहने जातील. परंतु चौकात दिवा हिरवा असेल तेव्हाच ती जातात. निम्मा वेळ हिरवा व निम्मा वेळ तांबडा असेल तर हीच संख्या ९०० वर येते. दोन पट्टे असल्यास १८००. आता चौकाच्या अलीकडचा रस्ता दोन पट्ट्यांऐवजी चार पट्ट्यांचा केला आणि चौक मात्र पूर्वीचाच ठेवला, तर चौकातून जाणारी वाहने १८०० च राहतात. फरक एवढाच पडतो की पूर्वी दोन रांगांत उभी असलेली वाहने आता चार रांगांत उभी राहतात. रांग आखूड दिसते. वाट पाहण्याचा वेळ तेवढाच असतो.

म्हैसुरात कृष्णराज चौक, चामराज चौक हे पुतळ्यांनी व छत्र्यांनी शोभिवंत झालेले चौक आहेत. ते रुंद करावयाचे तर शहराचे रूपच मोडावे लागेल. मग ज्या रस्त्यांचे तोंड रुंद होणार नाही त्यांचे पोट रुंद करून काय साधणार, हा प्रश्न प्रत्येक योजनेपूर्वी विचारला पाहिजे. पुष्कळदा चौकातील वळणांची शिस्त, दिव्याच्या वेळांची नीट वाटणी आणि चौकाच्या अगदी तोंडाशी असलेला बसथांबा थोडा मागे नेणे, एवढ्यानेच रुंदीकरणापेक्षा अधिक लाभ होतो.

५. रुंद रस्ता गर्दीस बोलावतो

रस्ता व चौक दोन्ही रुंद केले तर? काही काळ वाहने मोकळी धावतात. नंतर जे लोक पूर्वी गर्दीच्या भीतीने सकाळी लवकर निघत, बसने जात किंवा घराजवळच खरेदी करीत, ते आपली मोटार काढून याच वेळी याच रस्त्यावर येऊ लागतात. थोड्या वर्षांत कोंडी पूर्ववत होते. अमेरिकन अर्थशास्त्रज्ञ अँथनी डाउन्स यांनी १९६२ मध्ये महामार्गांच्या बाबतीत हा नियम मांडला. २०११ मध्ये ड्युरँटन व टर्नर या दोघांनी अमेरिकेतील शहरांची आकडेवारी तपासून असे दाखविले की रस्त्यांची लांबी जितक्या प्रमाणात वाढते, जवळजवळ तितक्याच प्रमाणात वाहनांचे धावणेही वाढते.

जर्मन गणिती डीट्रिख ब्रेस यांनी १९६८ मध्ये त्याहूनही चमत्कारिक गोष्ट सिद्ध केली. रस्त्यांच्या जाळ्यात एखादा नवा रस्ता घातला असता, प्रत्येक जण स्वतःपुरता जवळचा मार्ग निवडत असल्यामुळे, कधी कधी सर्वांचाच प्रवासाचा वेळ वाढतो. असे प्रत्येक ठिकाणी घडते असे नव्हे. परंतु घडू शकते हे गणिताने निश्चित आहे.

म्हणून नगररचनाकार आता वाहने मोजण्याऐवजी माणसे मोजतात. ४० माणसे एका बसमधून आली तर बसला उभे राहण्यास सुमारे ४० चौरस मीटर जागा लागते, आणि बस उतारूंना सोडून निघूनही जाते. तीच ४० माणसे दोघे दोघे मिळून मोटारीने आली तर २० मोटारी होतात व त्यांना सुमारे २५० चौरस मीटर जागा लागते. शिवाय ती खरेदी संपेपर्यंत अडकून राहते. सायकलीला याहून पुष्कळच कमी जागा पुरते. म्हैसुरात जून २०१७ मध्ये ‘ट्रिन ट्रिन’ नावाची सार्वजनिक सायकलींची योजना ४५० सायकलींनिशी सुरू झाली, तिच्यामागील विचार हाच होता. आणि पायी चालणाऱ्यास सर्वांहून कमी जागा लागते. दसऱ्याच्या दिवशी जो रस्ता लक्षावधी लोकांना सामावून घेतो तो एरवी शेकडा वाहनांनी का तुंबतो, या आरंभीच्या कोड्याचे उत्तर येथे मिळते.

६. उभे वाहन

रहदारीच्या चर्चेत चालत्या वाहनांचा विचार होतो. वस्तुतः मोटार दिवसाचा बहुतेक काळ उभीच असते. समजा, बाजारातील एका दुकानापुढे एक मोटार उभी राहील एवढी जागा आहे. दुकान सकाळी १० ते रात्री ८ पर्यंत उघडे असते. दुकानदाराने स्वतःचीच मोटार तेथे दिवसभर ठेवली तर ती जागा एकाच्या उपयोगी पडली. गिऱ्हाइकांनी अर्धा अर्धा तास वापरली तर तीच जागा दिवसात २० जणांच्या उपयोगी पडेल. एकही भिंत न पाडता जागा वीसपट झाली.

हे साधण्याचा एक उपाय म्हणजे जागेचे भाडे घेणे. अमेरिकेतील नगररचनेचे प्राध्यापक डोनल्ड शूप यांनी २००५ मध्ये प्रसिद्ध केलेल्या ग्रंथात असे प्रतिपादले की रस्त्यावरील सुमारे ८५ टक्के जागा भरलेल्या व उरलेल्या मोकळ्या राहतील एवढेच भाडे असावे. सात जागांपैकी एक मोकळी असली की नव्याने येणाऱ्यास जागा शोधीत घिरट्या घालाव्या लागत नाहीत. आणि या घिरट्या हेही कोंडीचे एक कारण असते.

म्हैसूरच्या देवराज अरस रस्त्यावर सशुल्क वाहनतळाचे प्रस्ताव वेळोवेळी आले व व्यापाऱ्यांनी त्यांस विरोध केला. गिऱ्हाईक शुल्कास भिऊन दुसरीकडे जाईल, ही त्यांची भीती हसण्यावारी नेण्यासारखी नाही. बसची सोय अपुरी असेल, पदपथ तुटलेला असेल, तर शुल्क हा नुसता दंडच वाटतो. पुणे महानगरपालिकेने २०१८ मध्ये वाहनतळ धोरण मंजूर केले तेव्हा तेथेही हाच वाद झाला. शुल्काचा पैसा त्याच रस्त्याच्या पदपथावर, दिव्यांवर व स्वच्छतेवर खर्च होताना लोकांस दिसला तर विरोध मावळण्याचा संभव अधिक, असे शूप यांचे म्हणणे होते.

दुसरा उपाय म्हणजे बहुमजली वाहनतळ. म्हैसूरच्या नगरभवनाच्या आवारात जमिनीखाली असा वाहनतळ बांधण्याचे काम हाती घेतले गेले, परंतु ते वर्षानुवर्षे रेंगाळले. शिवाय रस्त्यावर फुकट जागा मिळते तोवर पैसे देऊन तळघरात मोटार नेण्यास कोणी राजी होत नाही. म्हणून हे दोन उपाय वेगवेगळे नसून एकाचेच दोन भाग आहेत.

७. देवराज बाजार आणि हैदर अली रस्ता

सयाजीराव रस्त्याच्या कडेस देवराज बाजार आहे. मोगऱ्याचे गजरे, विड्याची पाने, नंजनगूडची रसाळ केळी, हळद-कुंकवाच्या राशी यांनी भरलेला हा बाजार शतकाहून जुना आहे. जवळच लॉर्ड लॅन्सडाउन यांच्या भेटीच्या स्मरणार्थ १८९२ मध्ये बांधलेली लॅन्सडाउन इमारत आहे. तिच्या खालच्या मजल्यावर पुस्तकांची व इतर लहान दुकाने होती. ऑगस्ट २०१२ मध्ये त्या इमारतीचा एक भाग कोसळून चार माणसे प्राणास मुकली. ऑगस्ट २०१६ मध्ये देवराज बाजाराच्या उत्तरेकडील प्रवेशद्वाराचा भाग कोसळला.

यानंतर शहरात दोन पक्ष पडले. एका पक्षाचे म्हणणे असे की इमारती धोक्याच्या झाल्या आहेत. त्या पाडून त्याच नमुन्याच्या नव्या बांधाव्यात. दुसऱ्या पक्षाचे म्हणणे असे की चुन्याच्या जुन्या बांधकामाची दुरुस्ती होऊ शकते. पाडलेला वारसा नव्या सिमेंटने परत येत नाही. तज्ज्ञांच्या समित्यांचेही एकमत झाले नाही आणि प्रकरण न्यायालयापर्यंत गेले. मध्यंतरी दुकानदार मात्र आपली पिढ्यान् पिढ्यांची जागा राहते की जाते, या चिंतेत राहिले.

या वादात दोन्ही बाजूंस सत्याचा अंश आहे. चार माणसांचे प्राण गेले असता केवळ सौंदर्याची गोष्ट बोलणे योग्य नाही. परंतु इमारत पडली ती जुनी होती म्हणून, की तिची निगा राखली गेली नाही म्हणून, हा प्रश्न आधी सोडविला पाहिजे. छतातून पाणी झिरपते, भिंतीत पिंपळ रुजतो, चुन्याच्या भिंतीवर सिमेंटचा गिलावा चढविल्यामुळे ओल आत कोंडते. अशी कारणे असतील तर नवी इमारतही निगेवाचून काही दशकांत त्याच गतीस जाईल.

एप्रिल २०२५ मध्ये याच शहरातील हैदर अली रस्त्यावर रुंदीकरणासाठी ४० मोठी झाडे तोडण्यात आली. नागरिकांनी त्याचा जाहीर निषेध केला. इमारतीचा नकाशा काढून ती पुन्हा उभारता तरी येते. वाढलेल्या झाडाचा नकाशा काढता येत नाही. त्याच्या सावलीत चालणारा माणूस उन्हात चालेनासा होतो, दुचाकी घेतो आणि ज्या गर्दीसाठी झाड तोडले त्या गर्दीत एकाची भर पडते.

८. शस्त्रक्रियेची दुसरी रीत

या पेचातून वाट दाखविणारा एक विचारवंत शंभर वर्षांपूर्वी आपल्याच देशात काम करून गेला. स्कॉटलंडचे जीवशास्त्रज्ञ पॅट्रिक गेडिस १९१४ मध्ये भारतात आले. अनेक शहरे पायी हिंडून त्यांनी त्यांविषयी अहवाल लिहिले. पुढे १९१९ पासून काही वर्षे ते मुंबई विद्यापीठात समाजशास्त्राचे प्राध्यापक होते.

जुन्या वस्तीतून सरळ रुंद रस्ते कापून काढण्याच्या तत्कालीन प्रघातास गेडिस यांचा विरोध होता. चांगला शल्यवैद्य रोगट भाग तेवढा काढतो व निरोगी भाग राखतो, तसेच शहराचे करावे, असे ते म्हणत. प्रथम घर न् घर पाहावे, पडकी घरे कोणती ते ठरवावे, तेवढीच काढून तेथे लहान मोकळ्या जागा कराव्यात आणि वळणावळणाच्या गल्ल्या थोड्या थोड्या मोकळ्या कराव्यात. तंजावरच्या एका वस्तीसाठी अशी योजना केली तेव्हा तिचा अंदाजी खर्च सरळ रस्त्यांच्या योजनेतील पहिल्या हप्त्याच्याही सुमारे सहाव्या हिश्श्यात बसत होता. त्याहून महत्त्वाचे म्हणजे फारच थोड्या कुटुंबांना घर सोडावे लागणार होते.

९. अन्य शहरांचे अनुभव

डेन्मार्कच्या कोपनहेगन शहराने १९६२ मध्ये आपला मध्यवर्ती बाजाररस्ता केवळ पादचाऱ्यांसाठी राखून ठेवला. धंदा बसेल अशी भीती व्यापाऱ्यांस होती. पण रस्ता गजबजलेला राहिला आणि पुढे अशा रस्त्यांची संख्या वाढविण्यात आली. स्टॉकहोममध्ये २००६ साली शहराच्या मध्यभागी येणाऱ्या मोटारींवर प्रायोगिक कर बसविला. वाहने सुमारे २० टक्क्यांनी घटली व पुढील वर्षी तो कर कायम झाला. दक्षिण कोरियातील सोल शहरात एक ओढा झाकून त्यावर रस्ता व उड्डाणमार्ग बांधला होता. २००३ मध्ये तो काढण्यास आरंभ झाला व २००५ मध्ये ५.८ किलोमीटर लांबीचा ओढा पुन्हा मोकळा झाला. म्हैसुरात कालवा बुजवून रस्ता झाला, सोलमध्ये रस्ता काढून ओढा झाला. प्रत्येक काळ आपल्या गरजेप्रमाणे निर्णय घेतो.

पुण्यात डिसेंबर २०२१ मध्ये लक्ष्मी रस्त्याचा काही भाग एक दिवस वाहनांस बंद ठेवून पादचारी दिन साजरा झाला. अशा एक दिवसाच्या प्रयोगाचा गुण असा की तो चुकला तर दुसऱ्या दिवशी सोडून देता येतो. पाडलेल्या भिंतीच्या बाबतीत ही सोय नसते. म्हणून ज्या उपायातून मागे फिरता येते तो आधी करावा, ज्यातून फिरता येत नाही तो शेवटी करावा, हा नगररचनेतील एक शहाणपणाचा नियम मानता येईल.

१०. समारोप

रस्ता किती रुंद असावा, या प्रश्नाचे उत्तर मीटरच्या एका आकड्यात देता येत नाही. तो कोणासाठी आहे, हे आधी ठरवावे लागते. वाहन जलद पुढे जावे म्हणून असलेला मार्ग व माणसांनी थांबावे, पाहावे, घ्यावे-द्यावे म्हणून असलेला बाजाररस्ता यांची मापे एक असू शकत नाहीत. प्रथम उभ्या वाहनांस शिस्त लावावी. नंतर चौक सुधारावेत. बस व पदपथ यांची सोय करावी. एवढे करूनही जेथे अडचण उरेल तेथेच, आणि तेवढेच, रुंदीकरण करावे. पडक्या इमारतीची तपासणी ती पडण्यापूर्वी व्हावी. या क्रमाने गेल्यास म्हैसूरच काय, आपले स्वतःचे गावही ओळखू येईल असे राहील.

विद्यार्थ्यांनी करून पाहावे

१. आपल्या गावातील बाजाररस्त्याची १०० मीटर लांबी निवडा. दर अर्ध्या तासाने तेथे उभ्या असलेल्या वाहनांची नोंद करा. एकच वाहन सलग किती नोंदींत आढळते? दिवसभर न हललेली वाहने किती?

२. त्याच रस्त्यावर १५ मिनिटे उभे राहून वाहने व माणसे वेगवेगळी मोजा. बसमधील माणसे अंदाजाने धरा. सर्वांत अधिक माणसे कोणत्या साधनाने गेली, आणि सर्वांत अधिक जागा कोणत्या साधनाने व्यापली?

३. पदपथाची मोकळी रुंदी टेपने मोजा. भारतीय रस्ते परिषदेच्या मानकाप्रमाणे ती निदान १.८ मीटर असावयास हवी. कोठे कमी भरते व तेथे अडथळा कशाचा आहे, ते लिहा.

४. या नोंदींवरून आपल्या नगरपालिकेस एक पानाचे पत्र लिहा. त्यात एकही भिंत वा झाड न पाडता करण्याजोगा एक उपाय सुचवा.